घाटातले फुटाणे

आमच्या घरमालकांच्या फाटकाशी रविवारी सकाळी चांगली कर्तीसवरती, संसारी माणसं तोंडानं चित्रविचित्र आवाज काढताना दिसायची. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक गाल फुगवून "फुर्रर्र-ठप, फुर्रर्र-ठप" करत होते. त्यांची मोटारसायकल शेजारी उभी होती, अगदी गप्प. घरमालक, म्हणजे आमचे काका, हात मागे बांधून, मान तिरकी करून ऐकत होते. "असं नाही सर," काका म्हणाले, "ठप आधी का फुर्र आधी? नीट सांगा, त्याच्यावरच सारं हाये." मुख्याध्यापकांनी डोळे मिटले, नीट आठवलं आणि पुन्हा सुरुवात केली. मी अंगणातल्या नळावर दात घासत होते. इतकं हसू आलं की पेस्ट नाकात गेली.

काकांची ही पद्धतच होती. मोटारसायकल असो, मिक्सर असो की विहिरीवरची मोटर, यंत्र चालू करून दाखवू द्यायचे नाहीत. मालकानं आधी आवाज तोंडानं करून दाखवायचा. "मशीन सगळ्यायसमोर वेगळं वाजते," ते म्हणत. "घरच्या मानसाले जे आयकू येते तेच खरं." आणि दहातल्या आठ वेळा निदान अचूक निघायचं. त्यामुळे गल्लीत कुणी हसत नसे. मी नवी होते, मी हसले.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला मी गणिताची मास्तरीण म्हणून आले, भंडाऱ्याहून. पाच वर्षं त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले. घर बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मांसमच्छी शिजवता का हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मॅडम, कान कसे हायेत?"

मला वाटलं, घरपट्टीसारखा कानांवरही काही कर असेल या गावात. "बरे आहेत," म्हटलं.

"पाठ करून उभ्या राहा."

मी पाठ केली. मागे फरशीवर काहीतरी पडलं. "काय पडलं?" "नट," मी म्हटलं. पुन्हा काहीतरी पडलं. "आता?" "लोखंडाचंच काहीतरी. पण चपटं आणि गोल." "वायसर," काका समाधानानं म्हणाले. "खोली तुमची." मी समजले, म्हाताऱ्याला शांतता आवडत असावी आणि म्हणून तिखट कानाचा, दबकून वागणारा भाडेकरू हवा असावा. पण शांतता आवडणाऱ्या माणसाचा टीव्ही असा नसतो. त्यांच्या टीव्हीमुळे मला स्वतःचा टीव्ही न घेताच पाच वर्षं बातम्या मिळाल्या.

काका भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कॉम्प्रेसर आणि ड्रिल मशीनचे फिटर होते. सगळी नोकरी त्या धडधडाटात गेली. निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज खाणीतलाच राहिला. शेजारच्या बाईशी कढीपत्त्याबद्दल बोलले तरी भांडण लागल्यासारखं वाटे. बाजारात ते हिंदी बोलत, घरी मराठी, आणि गाडीशी निव्वळ मराठी. "इसको हिंदी नहीं आती," असं ते भल्याभल्या मेकॅनिकांना गंभीरपणे सांगत आणि त्यांना बॉनेटपासून चार हात लांब ठेवत.

गाडी म्हणजे तीसेक वर्षांची, पांढरी, चौकोनी, कार्बोरेटरवाली छोटी कार. नव्या गाड्यांत असतं तसं काही संगणकबिंगणक तिच्यात नव्हतं. काकांनी ती नोकरीत असतानाच जुनी विकत घेतली होती आणि काकूंना शेजारी बसवून मुलुखभर हिंडवली होती. काकू मी यायच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोत त्या त्याच गाडीला टेकून उभ्या आहेत, उन्हानं डोळे बारीक करून.

गाडीचं दुखणं मला कळलं ते काकांच्या फोनमुळे. फोन ते कायम स्पीकरवर ठेवत, त्यामुळे घरातलं सगळं मला न विचारता कळे. त्यांची एकुलती एक मुलगी घाटापलीकडे, बैहरला दिलेली. तिथल्या दवाखान्यात ती नर्स. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि काकांनी पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असा हट्ट धरला होता. तिरोडीच्या बहिणीला मदतीला येऊन राहायचं सांगून ठेवलं होतं. मुलीची माहेरी यायला ना नव्हती, ना होती ती गाडीला.

"बाबा, त्या गाडीत मी नाही बसनार. घाटात फुटाने फुटतेत तिच्यात. आठव्या महिन्यात मले जंगलात उभं राहाचं नाही. हे आनून देतीन मले, नाही तं मी बसनं येईन."

"बसनं? बाप जित्ता असून?" काका एवढ्या जोरानं म्हणाले की माझ्या खिडकीची काच थरथरली. "पोरीले मायेरी आनाले घरचं मानूस जाते. तुही माय असती तं ती आली असती. आता मीच हावो. फुटाने गेले तं बसशीन?"

 पलीकडून ती म्हणाली, "गेले तं बसीन."

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात उभे. "मॅडम, इतवारी काय करता?" मी खरं ते सांगितलं, की झोपते. "इतवारी आपल्याले घाटात जाचं हाये," ते म्हणाले. मुलगी पाचव्या महिन्यात होती. आमच्यापाशी तीन महिने होते.

फुटाणे म्हणजे काय ते त्यांनी मला पहिल्याच रविवारी समजावलं. इंजिनात पेट्रोलचा भडका ठरल्या वेळी उडायला हवा. तो आधीच उडाला की आतून बारीक, कोरडा, तडतड आवाज येतो. "झोका आपल्याकडे येऊन राह्यला अन् तुमी आधीच धक्का देल्ला, तं काय होईन?" "हात दुखेल." "पिस्टनचा हात दुखते. रोज दुखला तं एक दिवस त्याच्यात भोक पडते. अन् ते भोक घाटातच पडते, बजारात नाही पडत."

असा आवाज उभ्या गाडीत येत नाही. इंजिनावर ओझं पडलं, चढ लागला, पाय दाबला की येतो आणि पाय उचलला की थांबतो. म्हणून काका मागच्या सीटवर गव्हाचं पोतं आणि पाण्याच्या कॅन ठेवत. ते वजन त्यांनी विचार करून ठरवलं होतं. पोतं म्हणजे मुलगी, कॅन म्हणजे तिचं सामान. "रिकामी गाडी खोटं बोलते," ते म्हणायचे. पोत्याला ते पट्टाही बांधत.

भरवेलीपर्यंत रस्ता सपाट. पाळी सुटून सायकलींवर घरी निघालेले कामगार काकांना हात करत आणि काका स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी नमस्कार करत. तेवढ्यापुरती मी डोळे मिटून घेत असे. पुढे जंगल, मग घाट. घाटात खिडक्या बंद, पंखा बंद, बोलणं बंद. माझं काम एकच. आवाज आला की उजव्या हाताचं बोट वर, गेला की खाली. काकांचं अर्धं लक्ष रस्त्यावर, अर्धं माझ्या बोटावर. तासभर ते बोट सांभाळून माझा खांदा अवघडायचा.

दर रविवारी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. दोन बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही. हे मला फार आवडलं. मी पोरांना वर्षभर घसा कोरडा करून जे सांगते, ते हा खाणीतला माणूस न शिकवता पाळत होता.

पहिला संशय पेट्रोलवर. त्यांनी माझ्याकडून परीक्षेची एक कोरी पुरवणी मागून घेतली, तिच्यावर पेट्रोलचा थेंब टाकला आणि उन्हात धरली. थेंब उडाला, कागद पांढराशुभ्र. भेसळ असती तर डाग राहिला असता. "पेट्रोल साफ हाये," काका जरा हिरमुसून म्हणाले. पंपवाल्याला शिव्या द्यायची त्यांची तयारी झाली होती.

मग एकदा मी शोध लावला. आवाज खालून, मागून येतोय असं मी छातीठोकपणे सांगितलं. काकांनी गाडी जागेवर उभी केली, पाय दाबला आणि मला विचारलं, "आता वाजते?" वाजत होतं. "मंग तो पत्रा हाये." सायलेन्सरवरच्या पत्र्याची पट्टी सैल झाली होती. ती आवळली, आवाज अर्ध्यावर आला आणि मी बक्षीस मिळाल्यासारखी मिरवले. उरलेला अर्धा मात्र घाटातल्या तिसऱ्या वळणावर आमची वाट बघत असे.

गोंदियाहून नवे प्लग आले. रेडिएटर धुऊन झाला. मधल्या एका आठवड्यात तर त्यांनी इंजिनाचं डोकं उतरवलं आणि आतला कार्बन खरवडला, तोही माझ्या लाकडी उलथण्यानं. लोखंडानं ओरखडे पडतात म्हणे. उलथणं परत आलं तेव्हा ते कोळशासारखं काळं होतं. मी भडकले. काका दुसऱ्या दिवशी तीन नवी उलथणी घेऊन आले आणि म्हणाले, "दोन तुमची, एक गाडीची."

याच दिवसांत ती मोबाइलची गोष्ट घडली. दर रविवारी बोट वर करून कंटाळलेल्या मी घाटात आवाज मोबाइलवर टिपून घेतला. घरी येऊन फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. चेहरा गंभीर. "हौ," म्हणाले. थोडं थांबून, "हौ, हौ. हाच तो. बारीक हाये पन हाये." फोन परत घेतला आणि पाहिलं तर टिपलेला आवाज मी सुरूच केला नव्हता.

मी फोन पिशवीत टाकला. खोलीत गेले आणि एकेक गोष्ट जुळत गेली. टीव्ही, स्पीकरवरचा फोन, फाटकाशी तोंडानं आवाज करणारे मुख्याध्यापक, फरशीवर पाडलेला नट. काकांना तो आवाज कधीच ऐकू येत नव्हता. आम्ही इतके रविवार शोधत होतो तो फुटाण्यांचा आवाज त्यांनी स्वतः एकदाही ऐकला नव्हता. मुलीनं सांगितला म्हणून तो आहे, आणि माझं बोट वर जातं म्हणून तो आहे, एवढीच त्यांच्याकडे खबर. मला फार वाईट वाटलं. त्यांना ते कळू द्यायचं नाही असं मी ठरवून टाकलं. आपण फार समजूतदार आहोत असंही त्या दिवशी वाटलं, ते सांगून टाकते.

शेवटचा उपाय टायमिंगचा. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवून भडका थोडा उशिरा उडेल असं करायचं. एका रविवारी केसभर, पुढच्या रविवारी आणखी केसभर. आवाज खरंच कमी होत गेला. पण गाडीही मलूल झाली, सायकलवाले पुढे जाऊ लागले. इकडे मुलीला सातवा संपत आला होता.

त्या रविवारी एप्रिलचं ऊन होतं. माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. तिसऱ्या वळणावर आवाज आला. अगदी बारीक, पण आला. काकांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. कपाळावरून घाम गालावर उतरत होता आणि डोळे असे, जसे निकालाच्या दिवशी पोरांचे असतात. मी बोट वर केलं नाही. दया म्हणावी तर ती अर्धीच. उरलेला अर्धा भाग माझ्या रविवारच्या झोपेचा होता. ते पडताळू शकणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि तरीही नाही केलं.

"गेले?" घाटमाथ्यावर गाडी थांबवून त्यांनी विचारलं.

"गेले, काका."

त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली. चहाच्या टपरीवर जाऊन ओरडले, "गए! सब के सब गए!" टपरीवाला आधी घाबरून विचारू लागला, "कौन गए, काका?" मग त्यालाही त्याचीच भजी काकांच्या पैशानं मिळाली. मला दोन प्लेटी. दोन्ही मी नुसत्या चिवडत बसले.

आठवडाभर घरात सण होता. सीटची कव्हरं धुतली गेली, काकूंची मऊ गोधडी उन्हात पडली, तिरोडीची बहीण येऊन दाखल झाली. स्पीकरवरून मला ऐकू येत होतं. "खरंच गेले, बाबा?" मुलगी विचारत होती. "मॅडमनं सांगतलं. गनिताच्या हायेत त्या, खोटं कशा बोलतीन?" मी त्या आठवड्यात तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा पाण्याची टाकी भरली का विचारून आले, एकदा दुधाबद्दल, आणि एकदा नुसतीच हसून आले. स्वतःचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

रविवारी काका धुतलेला सदरा घालून आले. "चाला मॅडम. तुमच्यानं झालं हे. पोरीले आनाले तुमीच पायजे." नाही म्हणायला तोंड नव्हतं. पोतं आणि कॅन मागे होतीच. "जाताना पोतं, येताना पोरगी," ते म्हणाले. भरवेली गेली, जंगल लागलं, घाट लागला. काका गुणगुणत होते. मला बोट वर करायचं काम आज नव्हतंच.

तिसऱ्या वळणावर फुटाणे फुटले. बारीकबिरीक नाही, चांगले मूठभर.

माझं बोट वर गेलं. काकांनी आधी बाहेर पाहिलं, त्यांना वाटलं मी माकडं दाखवतेय. "कुठं?"

"फुटाणे, काका."

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मी एका दमात सांगून टाकलं, "मागच्या रविवारीही होते. मी बोट वर केलं नाही."

"काहून?"

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

काका समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. खाणीतला आवाज पहिल्यांदाच अंगणातल्याएवढा झाला. "मले बरं वाटावं म्हनून तुमाले नोतं बसवलं वो. माही पोरगी बसनार होती याच्यात. दोन जीवाची."

मी रडले. सांगायला लाज वाटते, पण चांगली हुंदके देऊन रडले. काकांनी मागच्या कॅनमधून पाणी काढून दिलं. माझं आवरेपर्यंत ते खाली उतरून चाकं बघत राहिले, मग खिडकीत वाकून म्हणाले, "मले आयकू येत नाही, मॅडम. ड्रिलनं खाल्ले कान. मोठं बोललेलं समजते, मानसानं तोंडानं करून दाखवलं तं समजते. बारीक आवाज सारे गेले. कुकरची शिट्टी गेली, पाखरं गेली. पन फिटरले आयकू येत नाही म्हनून कोनाले सांगाचं?"

"मला माहीत होतं."

"कवापासून?"

मी मोबाइलची गोष्ट सांगितली. काकांनी डोळे विस्फारले. "म्हंजे मी बंद मोबाइलले हौ म्हनलं?"

"तीनदा."

ते हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. रस्त्यानं जाणाऱ्या जीपवाल्यानं थांबून विचारलं, क्या हुआ. "कुछ नहीं," काका डोळे पुसत म्हणाले, "कान खराब है." मला वाटतं, कुणा परक्याला त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं असावं.

मग एकदम फिटर झाले. "आता खरं खरं सांगा. घाटाच्या पायथ्यापासून सांगा. बोट नोको, तोंडानं सांगा. फुटाने येच्या आधी काय होते?"

आम्ही गाडी वळवून पायथ्याशी गेलो आणि पुन्हा चढू लागलो. या वेळी मी सगळंच सांगत होते, आजवर ज्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं तेही. "आता ठीक आहे. आता आवाज जड झाला. आता कण्हतेय, काका. ओझ्याखाली कण्हावं तशी. आता... आले फुटाणे." आणि त्याबरोबर इतक्या रविवारी मला दिसत होतं पण मोठ्या माणसाला काय सांगायचं म्हणून गिळलं होतं, तेही बोलून गेले. "काका, बैहरची बस या वळणाआधी गिअर बदलते. तुम्ही नाही बदलत."

"माही गाडी अख्खा घाट तिसऱ्यात चढते," काका म्हणाले. हे ते गल्लीत सगळ्यांना सांगत.

"चढते. पण कण्हत चढते. तुम्हाला ते ऐकू येत नाही."

त्यांनी गाडी वळवली. पुन्हा पायथ्याशी गेलो. वळणाआधी त्यांनी दुसरा गिअर टाकला. इंजिन मोकळं झालं, झरझर फिरू लागलं आणि गाडी वळण चढून गेली. मी कान लावून बसले होते. काही नाही. आणखी दोनदा चढलो, काही नाही. एकदा मुद्दाम तिसऱ्यात चढलो, फुटाणे हजर. पेट्रोल निर्दोष, प्लग निर्दोष, टायमिंग निर्दोष. तीन महिने आम्ही ज्या गाडीची चौकशी करत होतो तिचा काही गुन्हाच नव्हता.

काकांनी माथ्यावर गाडी थांबवली. बराच वेळ गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसले. "उगाच टायमिंग मागं नेलं बिचारीचं," म्हणाले. मग म्हणाले, "पयले मी बदलोच इथं गिअर. पोरीची माय बाजूले बसत होती, तिले घाटाचं भेव वाटे. वळन आलं का माह्या हातावर हात ठेवे. काही बोले नाही, नुसता ठेवे. मंग मी गिअर खाली टाको, तिचं भेव जावं म्हनून. ती गेली. भेनारं कोनी राह्यलं नाही. मंग म्हनलं, चढू दे तिसऱ्यात, गाडीत दम हाये."

मला लगेच कळलं. शब्द ओठांपर्यंत आले होते, पण ते मी गिळले. एका आठवड्यात दुसऱ्यांदा मी त्यांच्यापासून काही लपवत होते, आणि या वेळी मला त्याचा पस्तावा नाही. ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

बैहरला मुलगी ओट्यावरच वाट बघत होती. पोटावर हात, पायाशी पिशवी. शेजारी जावई उभे. तिनं पहिला प्रश्न तोच विचारला, "गेले, बाबा?"

काकांनी रस्ताभर ठरवलं असावं. ओट्यावर चढले, जावयांसमोर उभे राहिले आणि खाणीतल्या आवाजात म्हणाले, "गाडीत काही नोतं. माहे कान गेले हायेत. मले आयकू येत नाही, म्हनून गिअर टाइमावर पडत नाही." शेजारच्या घरातली दोन माणसं बाहेर आली. काकांनी त्यांच्याकडेही पाहिलं आणि खिशातून किल्ली काढून जावयांच्या हातात दिली. "तुमी चालवा. मी बाजूले बसतो. पन माह्या पोरीले आनाले मीच आलतो, हे ध्यानात ठेवा."

मुलीनं तोंडाला पदर लावला. जावयांनी पोतं उतरवून घेतलं.

परतीचा रस्ता बराचसा उताराचा, पण घाट लागायच्या आधी एक लांब चढ आहे. जावई चालवत होते, काका त्यांच्या डाव्या हाताला, मागे मी आणि गोधडीवर मुलगी. जावई तिच्या गोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होते. चढावर गाडी जराशी जड झाली, आणि बोलता बोलताच, लक्षही नसताना, त्यांचा हात खाली गेला आणि गिअर बदलला. काका तो हात बघत होते.

"मॅडम, आले का?" त्यांनी मागे वळून विचारलं. बोटाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही, काका. खरंच नाही."

ते पुढे वळले. जिथे ते बसले होते ती काकूंची जागा होती. चढ संपला, झाडं दाट झाली, घाटाचं पहिलं वळण दिसू लागलं. काका बऱ्याच वेळानं, मागे न बघता, मुलीला म्हणाले, "तुही माय भेत नोती वो घाटात."

"नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "तिले आयकू ये. पन तुमाले सांगजो नोको म्हने."